इच्छा होण्याची वाट न पाहता

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोणारपासून दहा-बारा किलोमीटरवर सुलतानपूर आहे. अशा गावांमधून दर पावसाळ्याच्या तोंडावर मुलं-मुली बॅगा भरून निघतात. कुणी नीटच्या क्लाससाठी अकोल्याला किंवा लातूरला, कुणी इंजिनिअरिंगसाठी छत्रपती संभाजीनगरला, कुणी एमपीएससीसाठी पुण्याला. सुरुवातीला घरी रोज फोन येतो. पुढे काहींचे फोन आखडत जातात. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘अभ्यास चालू आहे ना?’ ‘हो.’ दिवाळीला आलेला मुलगा दुपारपर्यंत खाटेवरून उठत नाही, मित्र हाक मारून परत जातात, बहीण ओवाळते तेव्हा तो हसतो आणि लगेच मोबाइलकडे वळतो. आई म्हणते, थकला असेल. वडील म्हणतात, शहरानं आळशी केला. त्याला स्वतःला विचारलं तर तो दुःखी असल्याचंही सांगत नाही. ‘काहीच वाटत नाही,’ एवढंच म्हणतो.

हे उत्तर घरात सहज हवेत विरून जातं, आणि तिथंच मोठा वेळ वाया जातो. नैराश्य म्हणजे रडणं, अशी आपल्याकडे समजूत आहे. डॉक्टर मात्र निदान करताना दोन मुख्य लक्षणं शोधतात. एक, मन सतत उदास असणं. दुसरं, पूर्वी ज्यात रस होता, आनंद वाटत होता, त्यातलं काहीच नकोसं होणं. यांपैकी एक जरी असेल आणि सोबत इतर काही लक्षणं किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज टिकून असतील, तर निदान नैराश्याकडे झुकतं. डोळ्यांत एकदाही पाणी आलेलं नसलं तरीही. इतर लक्षणं ओळखीचीच असतात. झोप उडते किंवा फार येते, भूक मरते किंवा वाढते, अंगात त्राण राहत नाही, पान समोर असून डोक्यात शिरत नाही, ‘मी काहीच कामाचा नाही’ असं वाटत राहतं, हालचाल मंदावते किंवा जीव स्वस्थ बसू देत नाही, मरणाचे विचार येतात. किशोरवयात पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिडच पुढे येते. गावाकडे तर अनेकदा डोकं दुखणं, छातीत धडधड, पोटात कालवाकालव अशाच तक्रारी घेऊन मुलगा दवाखान्यात पोचतो आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन परत येतो.

‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची छोटी चाचणी जगभर वापरली जाते आणि ती मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, एवढंच ती विचारते. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांना भेटावं. चाचणी हे निदान नव्हे, पण ‘काहीच वाटत नाही’ या वाक्यापेक्षा ती डॉक्टरांना बरंच जास्त सांगते.

आळस आणि हा आजार यांत फरक करणं घरच्यांना अवघड जातं, म्हणून एक साधी खूण. आळशी मुलगा अभ्यास टाळून क्रिकेट खेळतो आणि त्यात रमतो. आजारी मुलाला अभ्यास टाळल्याचंही सुख मिळत नाही. बॅट कोपऱ्यात पडून असते, आवडीचा पिक्चर अर्ध्यात बंद होतो, भूक लागलेली असूनही ताट नकोसं वाटतं. अपयश आलं म्हणूनच हे होतं, असंही नाही. अभिनेत्री दीपिका पदुकोणनं आपल्या नैराश्याबद्दल २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं, तेव्हा ती कारकिर्दीच्या ऐन भरात होती. तिनं वर्णन केलं ते पोकळपणाचं, आणि हे काहीतरी वेगळं आहे हे आधी ओळखलं ते तिच्या आईनं.

‘राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण’ २०१५-१६ मध्ये झालं, त्याची जबाबदारी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेकडे होती. तेरा ते सतरा वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये त्यात कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात १,७६४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्या वर्षी इतर कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. अशा प्रत्येक घटनेमागे अनेक कारणं गुंतलेली असतात, एकाच निकालावर किंवा एकाच बोलण्यावर बोट ठेवता येत नाही. पण त्यांतल्या कित्येक मुलांपर्यंत उपचार वेळेत पोचू शकले असते, हे मान्य करायलाच हवं. नैराश्य हा बरा होणारा आजार आहे.

आता मुख्य गोष्ट. ‘मूड आला की अभ्यासाला बसेन’, ‘बरं वाटलं की मित्रांना भेटेन’, असं प्रत्येक जण म्हणतो. निरोगी माणसाचं त्यात फारसं बिघडत नाही, कारण त्याचा मूड तासाभरात येतो. नैराश्यात तो येतच नाही. माणूस वाट पाहत अंथरुणात राहतो, त्यामुळे दिवसात बरं वाटावं असं काही घडत नाही, त्यामुळे मन आणखी सुन्न होतं आणि अंथरूण आणखी धरून ठेवतं. हा फेरा कृतीच्या बाजूनं तोडता येतो. आधी करायचं, वाटणं मागून येतं. बंद पडलेल्या हातपंपाचा दांडा पाणी येण्याआधी बराच वेळ कोरडाच मारावा लागतो, तसंच हे आहे.

ही केवळ समजुतीची गोष्ट नाही. गोव्यातल्या ‘संगथ’ संस्थेनं डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच तपासून पाहिलं. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण त्यात होते. त्यांच्यापैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सहा ते आठ भेटींचं समुपदेशन मिळालं. समुपदेशन करणारे मानसोपचाराची पदवी नसलेले, थोड्या आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. पद्धत सरळ होती: दिवसात काय काय होतं ते पाहायचं, मनाला उभारी देणारी लहान कामं ठरवायची, वेळ लावून करायची, अडलं तर पुढच्या भेटीत मार्ग काढायचा. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्याच्या पातळीखाली आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापले. ते रुग्ण विद्यार्थी नव्हते, प्रौढ माणसं होती, हे लक्षात ठेवून वाचावं. पण पद्धत वसतिगृहाच्या खोलीत किंवा गावातल्या ओसरीवरही वापरून पाहता येते.

सुरुवात वहीच्या एका पानापासून करावी. पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, फक्त लिहायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री काय केलं, आणि त्यापुढे दोन आकडे: त्यातून किती बरं वाटलं, शून्य ते दहा, आणि ते करणं किती जमलं, शून्य ते दहा. बहुतेक ठिकाणी शून्य आणि एक दिसतील. तरी कुठंतरी दोन किंवा तीन सापडतो. मेसमध्ये शेजारी बसलेल्याशी दोन वाक्यं बोलल्यावर, कपडे धुऊन वाळत घातल्यावर, मामाच्या लेकराशी फोनवर बोलल्यावर. बरं वाटणं अजून कुठं शिल्लक आहे, ते या जागांवरून कळतं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांतली दोनच कामं निवडायची आणि त्यांना घड्याळ लावायचं. ‘व्यायाम करणार’ असं लिहून काही होत नाही. ‘साडेसहाला चप्पल घालून फाट्यापर्यंत जाऊन परत येणार’ असं लिहावं. काम इतकं लहान असावं की वाईटातल्या वाईट दिवशीही होईल. अंघोळ जड वाटत असेल तर तोंड धुऊन दारात उभं राहणं हे आजचं काम. धडा जड वाटत असेल तर वही उघडून तारीख घालणं हे आजचं काम. शक्य असेल तिथं ते दुसऱ्या माणसाशी बांधावं, कारण स्वतःला दिलेली वेळ सहज मोडते, मित्र खाली उभा असेल तर मोडवत नाही. घरी असलेल्या मुलानं वडिलांबरोबर शेतात एक फेरी मारावी, सोयाबीन काढणी चालू असेल तर तासभर हात लावावा, संध्याकाळी भजनाला किंवा मैदानावर नुसतं जाऊन बसावं.

इथं बहुतेक जण एका ठिकाणी निराश होतात, म्हणून ते आधीच सांगितलेलं बरं. पहिल्या काही दिवसांत मजा येणार नाही. फिरून आलं तरी मन तसंच कोरं राहील. त्यावरून ‘याचा उपयोग नाही’ असा निकाल लावू नये. या काळात यशाचं माप एकच: ठरवलेलं झालं की नाही. झालं तर खूण करायची, नाही झालं तर दुसऱ्या दिवशी काम अर्धं करायचं. स्वतःला दूषणं देण्यात शक्ती घालवायची नाही. तेवढी शक्ती या आजारात मुळातच शिल्लक नसते. आणि पंधरवडा प्रामाणिकपणे करूनही काही हललं नाही, किंवा अंथरुणातून उठणंच होत नसेल, तर ही पद्धत एकट्यानं रेटत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

अभ्यासाचं काय? लक्ष न लागणं हे आजाराचं लक्षण आहे, बुद्धी गेल्याचा पुरावा नव्हे. या काळात बारा तासांचं वेळापत्रक भिंतीवर लावणं म्हणजे रोज स्वतःला नापास करणं. वीस-पंचवीस मिनिटं एकच विषय, मग उठून पाणी, मग पुन्हा वीस मिनिटं. वाचून डोक्यात जात नसेल तर लिहावं, सोडवलेलं उदाहरण उतरवून काढावं. कॉलेज सोडणं, क्लास बदलणं, शाखा बदलणं असे मोठे निर्णय शक्य तेवढे बरं वाटेपर्यंत पुढे ढकलावेत. एखादा पेपर सुटलाच तर दहावी-बारावीला पुरवणी परीक्षा आहे, पदवीला एटीकेटी आहे. एमपीएससीच्या मुलांच्या बाबतीत तर जाहिरात कधी निघेल आणि निकाल कधी लागेल, हेही त्यांच्या हातात नसतं; वर्षानुवर्षं असं लटकत राहिल्यानं माणूस सुन्न होतो, त्यात त्याच्या कुवतीचा दोष नाही.

झोपेची वेळ आपल्या ताब्यात नसते, उठण्याची असते. म्हणून रात्री कितीही उशीर झाला तरी उठायची वेळ एकच ठेवावी आणि उठल्यावर थोडा वेळ उजेडात जावं. मोबाइल उशाशी ठेवू नये. दारू, गांजा, झोपेसाठी मित्रानं दिलेली गोळी यांनी सुन्नपणा वाढतो.

कॉलेजात किंवा क्लासमध्ये निदान एका शिक्षकाला सांगून ठेवावं. संस्थेकडून मदत मागणं ही मेहेरबानी मागणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात देशभरातल्या शिक्षणसंस्था, कोचिंग क्लास आणि वसतिगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, असं त्यात आहे. प्रवेशाच्या वेळी फी विचारतो, तसंच ‘समुपदेशक कोण, कधी भेटतात’ हेही पालकांनी विचारावं.

घरच्यांनी आणि मित्रांनी काय करावं, याचं चांगलं दर्शन सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटात आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ २०१७ मध्ये त्याला मिळालं. निर्माते आणि एका भूमिकेतले कलावंत डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. आलोक राजवाडेनं साकारलेला त्यातला तरुण जगण्यातून पार तुटलेला आहे. स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी त्याला कोकणातल्या घरी आणते आणि नाव-गाव, कारण काहीच विचारत नाही. जेवण, निवारा, सोबत देते आणि तो आपण होऊन बोलेपर्यंत थांबते. इरावती हर्षेनं ती भूमिका केली आहे. प्रश्नांची सरबत्ती न करता माणसाजवळ कसं थांबावं, हे या चित्रपटातून घरच्यांनी घेण्यासारखं आहे.

‘तुला काय कमी आहे?’, ‘आम्ही तुझ्या वयात शेतात राबत होतो’, ‘शेजारच्याचा पोरगा बघ’ ही वाक्यं प्रेमातून आली तरी मुलाला आणखी आत ढकलतात, कारण हेच तो स्वतःला रोज सुनावत असतो. त्यापेक्षा ‘तुला बरं नाही हे मला दिसतंय. दवाखान्यात मी सोबत येतो’ एवढं बोलणं पुरतं. शेत गेलं, कर्ज वाढलं, तर त्याचा भार मुलांच्या मनावर असतोच. घरची परिस्थिती त्यांच्यापासून लपवण्यापेक्षा शांतपणे सांगावी, आणि ‘तुझ्यावरच सगळं आहे’ हे वाक्य तेवढं गाळावं.

मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसतो ही भीती खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नये, घरातली फवारणीची औषधं आणि गोळ्या कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवाव्यात, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८ लावावा. ज्याच्या मनात हे विचार येतात त्यानं चांगल्या दिवशीच एका कागदावर तीन माणसांची नावं आणि नंबर लिहून खिशात ठेवावेत, खाली १४४१६ लिहावा.

१४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. सुलतानपूरहून मानसोपचारतज्ज्ञापर्यंतचा प्रवास लांबचा असला तरी पहिला संवाद घराच्या गच्चीवरून, आजच होऊ शकतो. प्रत्यक्ष भेटीसाठी आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावं, तिथून चिठ्ठी घेऊन बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या विभागात. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा पर्यायही आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या राज्यातल्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पैशांअभावी थांबलेल्या घरांपर्यंत ही गोष्ट अजून पुरेशी पोचलेली नाही.

जवळच्या आणि ओळखीच्या माणसाकडून मदत मिळाली तर लोक येतात, हे विदर्भात दिसलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २७ टक्के ही काही समाधानाची जागा नाही, पण सहापट वाढ ही मोठी गोष्ट आहे.

बुलढाणा जिल्ह्यात मनाच्या आजारासाठी सैलानी बाबांच्या दर्ग्याला नेण्याची जुनी रीत आहे. ज्या घराची श्रद्धा आहे त्यांनी ती जरूर ठेवावी, फक्त दवाखाना सोडू नये. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावानं नेमका असाच मेळ घातला गेला: प्रार्थनेला आलेला रुग्ण तिथंच मानसोपचाराच्या डॉक्टरांनाही भेटू लागला. साखळी बांधणं, उपाशी ठेवणं, मारणं मात्र कुठल्याच श्रद्धेत बसत नाही आणि कायद्यातही नाही.

डॉक्टरांसमोर वेळ थोडा मिळतो. म्हणून त्रास कधीपासून, झोप-भूक कशी, अभ्यासात काय बदललं, मरणाचे विचार येतात का, घरात कुणाला असा आजार होता का, हे कागदावर लिहून न्यावं. वहीचं ते पानही दाखवावं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायचं का, हे विचारावं, कारण यांच्या कमी-जास्तपणातही माणूस असाच गळून जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नोकरीच्या किंवा लग्नाच्या भीतीनं उपचार टाळणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावं.

गोळ्या सुरू झाल्या तर फरक जाणवायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी होऊ शकते, ती बहुधा ओसरते. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या काही आठवड्यांत मरणाचे विचार वाढण्याची शक्यता असते, म्हणून त्या काळात घरच्यांनी जवळ राहावं आणि ठरलेली भेट चुकवू नये. काहींना उदासी कमी होऊनही आनंद आणि दुःख दोन्ही बोथट झाल्यासारखी वाटतात. तो आजाराचा उरलेला भाग असू शकतो किंवा गोळीचाही परिणाम असू शकतो. डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात, पण त्यांना ते सांगावं लागतं. स्वतःहून गोळी अचानक बंद करू नये. बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात, आणि बंद करताना हळूहळू कमी करतात.

बरं होताना आनंद बहुधा सगळ्यात शेवटी येतो. आधी झोप लागते, मग भूक, मग कुणाशी तरी बोलावंसं वाटतं, कधी नुसता राग येतो. राग आला तरी घरच्यांनी घाबरू नये, सुन्नपणा हलू लागल्याची ती खूणही असते. हा आजार काहींना पुन्हा होतो, आणि तो परतत असल्याची पहिली खूण बहुधा ज्याची त्याची ठरलेली असते. कुणी फोन उचलणं बंद करतं, कुणाची अंघोळ सुटते, कुणी मेस टाळतं. आपली खूण कोणती, ते बरं असताना वहीत लिहून ठेवावं, घरातल्या एका माणसाला सांगावं, आणि ती सलग आठवडाभर दिसली तर दोन आठवडे पूर्ण व्हायची वाट न पाहता १४४१६ लावावा किंवा जुना केसपेपर घेऊन ओपीडीत जावं.